दोन चौकटींमधली हजार वर्षं

व्हान्स ॲस्ट्रो हे नाव आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’चा २०१४चा चित्रपट पाहिलेल्यांनाही ते ठाऊक असेलच असं नाही, कारण पडद्यावरची मंडळी वेगळी आहेत. मूळ चमू पहिल्यांदा छापून आला तो जानेवारी १९६९ची तारीख असलेल्या ‘मार्व्हल सुपर-हीरोज’च्या १८व्या अंकात. लेखक अर्नोल्ड ड्रेक, चित्रकार जीन कोलन. व्हान्स हा त्या चमूतला पृथ्वीवरचा माणूस. कथेत तो १९८८मध्ये आल्फा सेंटॉरीकडे निघतो. वाट हजार वर्षांची. शरीर टिकावं म्हणून त्याला दीर्घ निद्रेत ठेवलेलं असतं आणि अंगभर एक संरक्षक पोशाख चढवलेला असतो. तो पोशाख उतरवला तर साठलेलं सगळं वय एकदम अंगावर येणार. म्हणजे यापुढे माणसाचा स्पर्श नाहीच. हे सगळं पत्करून तो पोहोचतो, तर समोर स्वागताला माणसंच उभी! तो झोपेत असताना पृथ्वीवर प्रकाशाहून वेगवान यान तयार झालं आणि त्याच्या मागून निघालेले लोक त्याच्या आधी तिथे जाऊन स्थायिक झाले.

आंतरतारकीय प्रवासावरच्या ज्या चित्रकथा मी वाचल्या, त्यांत हा प्रसंग मला सर्वांत खरा वाटतो. प्रकाशाहून वेगवान यान ही कल्पनाच आहे. आज ज्ञात असलेल्या भौतिकशास्त्रात त्याला जागा नाही. पण त्यामागचा पेच अस्सल आहे. ए. ई. व्हॅन व्होग्ट यांनी तो १९४४मध्येच ‘फार सेंटॉरस’ या कथेत मांडला होता. पुढे २००६मध्ये अँड्र्यू केनेडी यांनी ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं रीतसर गणित केलं. प्रश्न साधा आहे. तंत्रज्ञान दरवर्षी सुधारत असेल, तर आज निघावं की थांबावं? आज निघालात तर उद्याचं वेगवान यान तुम्हाला गाठणार. थांबतच राहिलात तर कधीच निघणार नाही. केनेडी दाखवतात, की या दोन्हींच्या मध्ये एक क्षण असा असतो की तेव्हा निघणाऱ्याला मागून येणारा गाठू शकत नाही. तो क्षण हुकलेल्या माणसाचं काय होतं, हे गणित सांगत नाही. ते कोलन यांच्या चित्रातला व्हान्सचा चेहरा सांगतो.

या लेखात मला नेमकं हेच मांडायचं आहे. ताऱ्यांकडे जाणाऱ्या चित्रकथांचा कस त्यांच्या इंजिनांवरून लागत नाही. त्या अंतराची किंमत कुणाकडून वसूल करतात, यावरून लागतो.

अंतर म्हणजे किती

सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर. माणसाने बनवलेलं सर्वांत दूर गेलेलं यान व्हॉयेजर १. ते ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालं, ऑगस्ट २०१२मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून आंतरतारकीय अवकाशात शिरलं आणि आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर या वेगाने चाललं आहे. मुंबई-पुणे हे अंतर ते नऊ-दहा सेकंदांत कापेल. जवळपास अर्ध्या शतकाच्या या दौडीनंतर त्याच्याकडे संदेश पोहोचायला प्रकाशाच्या वेगानेही साधारण एक दिवस लागतो. प्रॉक्सिमाकडे जायला तोच प्रकाश चार वर्षांहून जास्त घेतो. व्हॉयेजर त्या दिशेने गेलेलं नाही, पण गेलं असतं तर त्याला ७५ हजार वर्षं लागली असती.

प्रॉक्सिमा ज्यात मोडतो ती आल्फा सेंटॉरीची तारकामंडळी आपल्याकडूनही दिसते. मे महिन्याच्या उत्तरार्धात रात्री दहा-अकराच्या सुमाराला, दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर, कोकणपट्टीतून किंवा गोव्याच्या किनाऱ्यावरून तो ठळक पिवळसर तारा क्षितिजाच्या थोडा वर सापडतो. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, प्रत्यक्षात ते दोन सूर्य आहेत आणि मंद प्रॉक्सिमा त्यांचा तिसरा सोबती. उत्तर युरोपातून किंवा न्यूयॉर्कमधून तो कधीच उगवताना दिसत नाही. ही गोष्ट एका अमेरिकन कॉमिकच्या कथानकात थेट उतरली आहे.

प्रकाशाच्या वेगाने भेटणारे दोघं

१९५८च्या अखेरीस डीसी कॉमिक्सच्या ‘शोकेस’च्या १७व्या अंकात ॲडम स्ट्रेंज अवतरला. संपादक ज्युलियस श्वार्ट्झ; ते त्याआधी विज्ञानकथालेखकांचे प्रतिनिधी म्हणून काम करत असत. लेखन गार्डनर फॉक्स यांचं. पुढे कार्माइन इन्फँटिनो यांच्या रेषेने या मालिकेला तिचं नेटकं, हवेशीर रूप दिलं. ॲडम हा पुरातत्त्वज्ञ. पेरूमध्ये पाठलाग चुकवताना तो दरीवरून उडी मारतो आणि हवेतच एका किरणाने गिळला जातो. डोळे उघडतो ते आल्फा सेंटॉरीच्या ‘रान’ या ग्रहावर. तिथला शास्त्रज्ञ सारदाथ याने पृथ्वीशी संपर्क साधण्यासाठी ‘झीटा’ नावाचा किरण सोडलेला असतो. वाटेतल्या प्रारणांमुळे त्याचं रूप बदलतं आणि तो ज्याला स्पर्श करेल त्याला रानवर नेऊन टाकतो. परिणाम ओसरला की माणूस आपोआप पृथ्वीवर परत.

ही पळवाट आहे, यात शंका नाही. तरी फॉक्स आणि श्वार्ट्झ यांनी एक नियम कसोशीने पाळला: किरण प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून त्याला पृथ्वीपर्यंत यायला चार वर्षांहून जास्त लागतात. आज ॲडमला उचलणारा किरण चार वर्षांपूर्वी निघालेला असतो. पुढचे किरण कुठे आणि कधी पडणार याचा हिशोब मांडून ॲडमला त्या ठिकाणी वेळेवर हजर राहावं लागतं. हे किरण बहुतेक वेळा दक्षिण गोलार्धात पडतात, कारण आल्फा सेंटॉरी तिकडच्याच आकाशातला तारा आहे. मग तो कधी रानावनात, कधी समुद्रात उभा राहून आकाशाकडे डोळे लावून बसतो. रानवर सारदाथची मुलगी अलाना त्याची वाट पाहत असते. दोघांची भेट रंगात आली की ऐन क्षणी परिणाम ओसरतो आणि तो पुन्हा पृथ्वीवर.

ॲडमचं जाणं-येणं क्षणात होतं, ही मात्र या मालिकेची लबाडी. एका बाजूला प्रकाशाचा नियम पाळायचा, दुसऱ्या बाजूला तो गुंडाळून ठेवायचा. तरी किरणाच्या बाबतीत पाळलेल्या तेवढ्या एका नियमाने अख्ख्या मालिकेला विरहाचा कणा दिला. त्याच काळातल्या इतर अंतराळवीरांना एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना काही गमवावं लागत नसे, म्हणून त्यांच्या प्रवासाचं वजन वाचकाला जाणवत नाही.

इथे चित्रकथेचं स्वतःचं शस्त्र दिसतं. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या १९९३च्या पुस्तकात दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीबद्दल विस्ताराने लिहिलं आहे. तिथे काहीच काढलेलं नसतं; जे घडतं ते वाचकाच्या मनात घडतं. त्या पट्टीत एक क्षण मावतो आणि हजार वर्षंही मावतात. आंतरतारकीय प्रवास म्हणजे दोन ठिकाणांमधली अशीच एक प्रचंड रिकामी जागा. चित्रकार ती उडी मारून पार करतो की वाचकाला तिची खोली जाणवू देतो, यावर सगळं अवलंबून आहे.

झोपेत गेलेली दहा वर्षं

ब्रिटनमध्ये १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’ साप्ताहिक सुरू झालं आणि त्याच्या पहिल्याच पानावर डॅन डेअर आला. चित्रकार फ्रँक हॅम्पसन यांनी साउथपोर्टमधल्या एका जुन्या बेकरीत आपला स्टुडिओ थाटला होता. तिथे यानांच्या प्रतिकृती बनवल्या जात. सहकारी आणि घरची माणसं गणवेश घालून उभी राहत, त्यांचे फोटो काढून मग रेखाटन होई. सुरुवातीच्या काळात शास्त्रीय सल्लागार होते आर्थर सी. क्लार्क. आठवड्याच्या दोन रंगीत पानांसाठी एवढी मेहनत घेणारं काम तेव्हा दुर्मीळ होतं.

डॅन डेअरचा बहुतेक वावर शुक्र, मंगळ, शनी यांच्या आसपास. १९५०च्या दशकाच्या मध्यावरच्या ‘रोग प्लॅनेट’ या कथेत मात्र त्याला सूर्यमालेबाहेर जावं लागतं. जायला पाच वर्षं, यायला पाच वर्षं, आणि तो सगळा काळ निद्रेत. मोहीम फत्ते होते. परतल्यावर डॅन पाहतो, तर पृथ्वी त्याच्या जुन्या वैऱ्याच्या, मेकॉनच्या, टाचेखाली गेलेली. दहा वर्षं राखणदार घरी नव्हता, ती किंमत सगळ्या पृथ्वीने मोजली.

दीर्घ निद्रा ही चित्रकथांची आवडती युक्ती, कारण त्यामुळे नायक तरुण राहतो. प्रत्यक्षात माणसाला असं वर्षानुवर्षं झोपवून सुखरूप उठवण्याचं तंत्र आपल्याकडे नाही. अस्वलं हिवाळा काढतात, पण तो काही महिन्यांचा मामला. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी शरीर थंड करून रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवता येतं. तो अवधी मिनिटांत मोजतात. पेशी गोठल्या की आतल्या पाण्याचे स्फटिक त्या फाडतात, ही मुख्य अडचण. हॅम्पसन यांना याचं उत्तर ठाऊक नव्हतं आणि असायची गरजही नव्हती. झोपणारा झोपतो तेव्हा मागे राहिलेलं जग थांबत नाही, हे त्यांनी ओळखलं.

इंधन, धूळ आणि थांबण्याची गोष्ट

इंजिनांकडे आता वळतो. चित्रकथा जिथे एका वाक्यात सुटतात, तिथे अभियंत्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत.

अग्निबाणाचं मूळ समीकरण कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्स्की यांनी १९०३मध्ये प्रसिद्ध केलं. त्याचं सार असं: जितका वेग हवा, त्यासाठी लागणारं इंधन नुसतं वाढत नाही, ते गुणाकाराने फुगतं, कारण इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. एवढ्यावर प्रकाशाच्या दहाव्या हिश्शाचा वेग गाठायचा तर यानाच्या किती पट इंधन लागेल? उत्तर म्हणजे १ वर सुमारे २,९०० शून्यं. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्यं इतकी मानतात. म्हणजे रासायनिक इंधनाचा रस्ता कायमचा बंद.

म्हणून १९५८ ते १९६५ या काळात अमेरिकेत फ्रीमन डायसन, टेड टेलर यांच्यासारखे शास्त्रज्ञ ‘प्रोजेक्ट ओरायन’मध्ये यानामागे अणुबॉम्ब फोडून धक्के देण्याची योजना आखत होते. १९६३च्या अणुचाचणीबंदी कराराने तिचा पाया काढून घेतला. पुढे १९७३ ते १९७८मध्ये ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या सदस्यांनी, ॲलन बाँड यांच्या नेतृत्वाखाली, ‘डेडलस’ या मानवविरहित यानाचा आराखडा केला. या आराखड्याचे आकडे पाहिले की चित्रकथेतलं यान किती स्वस्तात उडतं ते कळतं. एकूण वजन ५४ हजार टन, त्यातलं ५० हजार टन इंधन. इंधन म्हणजे ड्यूटेरियम आणि हीलियम-३ यांच्या बारीक गोळ्या. सेकंदाला २५० गोळ्यांचा स्फोट. पृथ्वीवर हीलियम-३ जवळपास नाही, म्हणून गुरूच्या वातावरणात तरंगते कारखाने सोडून ते वीस वर्षं गोळा करायचं. हे सगळं केल्यावर वेग मिळणार प्रकाशाच्या १२ टक्के, आणि जवळपास सहा प्रकाशवर्षांवरच्या बर्नार्डच्या ताऱ्यापाशी पोहोचायला ५० वर्षं. तो तारा निवडला, कारण त्याच्याभोवती ग्रह असल्याचा दावा तेव्हा गाजत होता. दावा पुढे चुकीचा ठरला. खरा ग्रह सापडायला २०२४ उजाडावं लागलं.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे डेडलसला थांबण्याची सोय नव्हती. थांबायचं तर तेवढाच वेग उलटा मारावा लागतो आणि त्याचं इंधनही आधीपासून सोबत न्यावं लागतं. म्हणून पन्नास वर्षं जाऊन ते यान ताऱ्याजवळून सेकंदाला ३६ हजार किलोमीटर वेगाने नुसतं निघून जाणार होतं. पृथ्वी ते चंद्र एवढं अंतर त्याने अकरा सेकंदांत ओलांडलं असतं. ज्यांनी तरुणपणी आराखडा केला, त्यांनी म्हातारपणी छायाचित्रं पाहायची.

या वेगात धूळही बॉम्ब होते. प्रकाशाच्या दशांश वेगाने जाणाऱ्या यानावर एक मिलिग्रॅमचा कण आदळला, तर सुमारे १०८ किलो टीएनटी फुटल्याएवढी ऊर्जा बाहेर पडते. डेडलसच्या पुढ्यात त्यासाठी बेरिलियमची ढाल होती. एप्रिल २०१६मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ने उलट टोक गाठलं: जेमतेम काही ग्रॅमचं यान, त्याला पातळ शीड, आणि जमिनीवरून लेझरचा झोत. वेग प्रकाशाच्या २० टक्के, वीस वर्षांत आल्फा सेंटॉरी. माणूस न्यायचा नाही, थांबायचं नाही, एवढ्या दोन अटींवर ती कल्पना कागदावर उभी राहते.

चित्रकथांना माणूस न्यायचाच असतो. व्हॅलेरियन आणि लॉरलीन यांच्या फ्रेंच मालिकेने १९६७पासून स्थळकाळातून थेट उडी मारून हा प्रश्न निकालात काढला. पिएर क्रिस्तां आणि जाँ-क्लोद मेझिएर यांना परग्रहांवरच्या समाजांबद्दल बोलायचं होतं, प्रवासाबद्दल नाही. त्यांच्या हेतूला ती उडी पुरेशी होती. प्रवासाच्या आतच राहायचं ठरवलेला चित्रकार जपानमध्ये सापडतो.

जहाज हाच गाव

त्सुतोमु निहेई यांची ‘नाइट्स ऑफ सिडोनिया’ ही मालिका २००९ ते २०१५ या काळात जपानी मासिकातून आली. पृथ्वी नष्ट झाल्याला हजार वर्षं झाली आहेत. एका लघुग्रहाभोवती बांधलेल्या सिडोनिया या जहाजात अनेक पिढ्या जन्मल्या आणि मेल्या. निहेई यांनी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम केलेलं आहे आणि ते पानापानांत दिसतं: उंच, अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत रचलेली घरं, जिने, कठडे, टांगलेल्या वाटा.

या कथेतला एक तपशील मी कधी विसरणार नाही. जहाजाला अचानक दिशा बदलावी लागते तेव्हा सगळं शहर एका बाजूला कोसळू लागतं. नागरिकांनी अंगावरचा पट्टा जवळच्या कठड्याला अडकवायचा असतो. ज्यांना जमत नाही ते घरांच्या भिंतींवर जाऊन आदळतात. जहाज वाचतं, रस्त्यावरचे लोक मरतात. इतर कॉमिक्समध्ये कप्तान हुकूम सोडतो आणि यान वळतं. निहेई वळणाचा बळी कोण, ते काढून दाखवतात.

सिडोनियात अन्न अपुरं, म्हणून तिथल्या लोकांना वनस्पतींसारखं प्रकाशावर जगता येईल असं घडवलेलं आहे. ते आठवड्यातून एखाद्या वेळी जेवतात. नायक नागाते याला ही देणगी नाही. तळघरात वाढलेला हा मुलगा भुकेपोटी तांदूळ चोरताना सापडतो आणि पुढे सगळ्यांच्या देखत रोज भरपेट जेवतो. हिशोब केला तर ही कल्पना तग धरत नाही. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ऊर्जा पडते. माणसाच्या अंगाचा एका वेळी उजेडात येणारा भाग एक चौरस मीटरही नाही, आणि वनस्पती त्यातला एक-दोन टक्के भागच अन्नात साठवतात. हाती येतात दहा-पंधरा वॅट. नुसतं पडून राहायलाही माणसाला साधारण ऐंशी वॅट लागतात. तरीही ही कल्पना फुकटची नाही, कारण तिच्यामागचा प्रश्न पक्का आहे: बंद जहाजात सगळ्यांना पुरेल एवढं अन्न आणि हवा कुठून आणायची?

तो प्रश्न किती अवघड आहे हे ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर २’ने दाखवलं. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं काचेच्या बंद संकुलात दोन वर्षांसाठी गेली. आत शेत, पाऊसवन, छोटा समुद्र. हळूहळू हवेतला ऑक्सिजन सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या खाली आला. सकस मातीतल्या जीवाणूंनी तो वापरला आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे झाडांना तो परत फिरवता आला नाही. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. प्रॉक्सिमाच्या वाटेवर अशी बाहेरून मदत येणार नाही. फ्रेदेरिक मारँ आणि कामिय बेलुफी यांनी २०१८मध्ये गणकयंत्रावर ६,३०० वर्षांचा प्रवास चालवून पाहिला; पिढ्या निरोगी राहायच्या तर सुरुवातीला किमान ९८ माणसं हवीत, असं त्यांचं उत्तर आलं. अट अशी, की कुणी कुणाशी आणि कधी मूल होऊ द्यायचं यावर जहाजाचा कायदा चालेल. त्या ९८ जणांनी स्वतःहून होकार दिलेला असेल. त्यांच्या नातवंडांना कुणी विचारलेलं नसेल.

आपल्या भाषेतली जागा

मराठी वाचकाला हा प्रांत परका नाही. मार्च १९६४मध्ये टाइम्स समूहाने मुंबईतून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. वेताळ आणि मँड्रेकच्या बरोबरीने त्यात फ्लॅश गॉर्डनही आला, आणि इंद्रजाल मराठीतही निघत होतं. अलेक्स रेमंड यांनी ७ जानेवारी १९३४पासून काढलेल्या मूळ मालिकेत मोंगो ग्रहच पृथ्वीच्या दिशेने धावत येतो, म्हणून नायकाला ताऱ्यांमधलं अंतर कापावंच लागत नाही. त्या पिढीच्या मनात अंतराळ पेरलं गेलं ते असं, अंतराशिवाय.

अंतर आणि काळ यांचं खरं नातं मराठीत आणलं ते जयंत नारळीकरांनी. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. सापेक्षतेचा मूळ मुद्दा असा, की प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मागे राहिलेल्यांच्या घड्याळापेक्षा हळू चालतं. पृथ्वीवरच्या गुरुत्वाएवढा प्रवेग देत, अर्ध्या वाटेवर उलटा फिरवून प्रॉक्सिमाला गेलं, तर यानातल्या माणसाची साडेतीन वर्षांहून थोडी जास्त जातील आणि पृथ्वीवर जवळपास सहा वर्षं. वाट जितकी लांब, तितकी ही दरी रुंद. ॲलन मूर आणि इयन गिब्सन यांच्या ‘हेलो जोन्स’मध्ये १९८६च्या सुमाराला हाच काळ जड गुरुत्वाच्या रणभूमीवर सैनिकांकडून वसूल केला गेला: आत थोडा वेळ लढायचं, बाहेर येईपर्यंत बराच काळ उलटलेला. एखादा ग्रह इतका काळ थांबवू शकत नाही, पण सैनिकाचं आयुष्य असं चोरीला जातं हे खोटं नाही.

आपला आवाज तर आधीच निघाला आहे. दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. व्हॉयेजर १ निघाल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्या गेल्या. पाठवणारे जातात आणि पाठवलेलं चालत राहतं, ही आंतरतारकीय प्रवासाची पहिली अट आपल्या माणसांच्या बाबतीत खरी ठरून बसली आहे.

असं असताना या विषयावर मराठीत प्रौढ वाचकांसाठी एक भक्कम चित्रकथा असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. विज्ञानकथेची परंपरा आपल्याकडे आहे, दिवाळी अंकांतून वाढलेले समर्थ चित्रकार आहेत, खगोलशास्त्राची गोडी असलेला वाचक आहे. अशा कथेत प्रकाशाहून वेगवान यान नसलं तरी चालेल. तिच्यात ९८ जणांची यादी कशी ठरली ते असावं, जहाजावरच्या तिसऱ्या पिढीने शेतातल्या आजीला विचारलेले प्रश्न असावेत, मागे राहिलेल्या भावाचं म्हातारपण असावं. आणि चौकटींमधल्या पट्टीत गेलेली वर्षं वाचकाला मोजायला लावण्याची हिंमत असावी. एखाद्या संपादकाने पुढच्या अंकात त्यासाठी चाळीस पानं काढून ठेवावीत आणि चित्रकाराला वर्षभर आधी सांगावं. ताऱ्यांकडे माणूस कधी जाईल ते अभियंते ठरवतील. कुणी जावं, कुणी मागे राहावं आणि त्याचं मोल कुणी द्यावं, हे ठरवताना आपणही बोलायला हवं, आणि त्याची तालीम आत्ताच, कागदावर करता येते.